कोकंदची बहोर-आपा

ताश्कंद, ३ मार्च २०१८

ती. सनोबर मावशीस,
मुहय्योचा सलाम वि. वि.

तुझं पत्र तोलिब-आकांनी परवा आणून दिलं. घाटात बर्फ पडल्यामुळे त्यांची टॅक्सी दोन दिवस अडकली होती. वर मलाच म्हणाले, अगं, आजकाल पत्रं कोण लिहितं, मावशीला एक फोन घेऊन दे की. मी म्हटलं, आहे फोन तिच्याकडे, पेटीत दुलईखाली झोपलाय. खरंच, कमाल आहे हं तुझी! समोरच्याला तोंड दिसतं म्हणून फोनच नको?

आमच्या दवाखान्यात तर दिवसभर तोंडांचाच कारभार. गेल्या आठवड्यात एक बाई आल्या, दोन्ही गालांवर वांग. आधी काकडी चोळली, मग दही, मग लिंबू, आणि शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून कपड्यांचं ब्लीच! गाल नुसते भाजून निघालेले. एक आजोबा नायट्यावर लसूण ठेचून बांधून आले. नायटा राहिला बाजूला, आम्ही महिनाभर लसणाची जखमच बरी करतोय. कॉलेजची मुलं मुरुमांवर टूथपेस्ट थापून येतात. आणि श्रीमंत बायकांचं तर विचारूच नकोस. आज पीलिंग, उद्या ओठांत फिलर, परवा कपाळात बोटॉक्स. काल एक ताई माझ्याशी बोलताना हसत होत्या की रडत होत्या, तेच मला कळेना. मी आपली रानो-आपांच्या शेजारी कापूस घेऊन उभी असते आणि शिकते. डॉक्टर म्हणून त्या कडक आहेत, पण माझ्यावर जीव आहे त्यांचा.

आता खरी बातमी. आईने सांगितलंच असेल. नमनगनहून मागणी घालायला बायका येणार आहेत. मुलाचं नाव सरदोर, दातांचा डॉक्टर. म्हणजे कातडी माझ्याकडे आणि दात त्याच्याकडे, एक माणूस आम्ही निम्मंअर्धं तरी दुरुस्त करू. जमलं, तर माझी यंगा तूच. नवरीबरोबर सासरी जायला, दोन दिवस तिच्या शेजारी बसायला माझं दुसरं आहे कोण? आई चार वर्षं रशियात कामाला होती तेव्हा माझ्या वेण्या कुणी घातल्या? गोवर आला तेव्हा रात्रंदिवस उशाशी कोण बसलं? मी सहा वर्षांची असतानाच तुझ्याकडून शब्द घेतलाय. आता पळवाट नाही.

आणि ऐक. रानो-आपांनी कोडाचे डाग झाकायचं क्रीम मागवलंय. नीट लावलं की पाण्यानेही लवकर जात नाही. फक्त रंग ज्याच्या त्याच्या कातडीशी जुळवावा लागतो. फोटो तू पाठवणार नाहीस, हे मला माहीत आहे. मग कसं करायचं ते तूच सांग.

माझ्यावरची माया जराही पातळ होऊ देऊ नकोस.

तुझीच,
मुहय्यो

*

चुस्त, १४ मार्च

चि. मुहय्योस,
सनोबर मावशीचे अ. आ.

फोनवरून मला बोलू नकोस, पोरी. फोन लावला की पलीकडच्याचा चेहरा बदललेला मला दिसतो. पत्र वाचणाऱ्याचा दिसत नाही. तेवढीच माझी सोय.

रंगाचं म्हणशील, तर तीस वर्षं टोप्यांवर रेशीम भरणाऱ्या बाईला फोटो कशाला लागतो? दुपारी अंगणात बसले आणि पेटीतले सगळे धागे गालाला, हाताला लावून आरशात बघितले. एकटा एक धागा जुळेना. दोन-दोन एकत्र पिळले तेव्हा बरोबर बसले. पुठ्ठ्याला गुंडाळून पाठवतेय. वरचा कपाळाचा, मधला गालाचा, खालचा हाताचा. हात उन्हाने रापलाय, म्हणून तो गडद. पांढरा धागा पाठवत नाही, तो रंग तुला पाठ आहे. शेजारची झुलैखो कुंपणावरून बघत होती. म्हणाली, काय गं, हे काय नवीन? म्हटलं, स्वतःचंच ठिगळ शोधतेय. ती हसली, पण कुंपणाच्या पलीकडूनच.

परवा तुझी आई, आमची हलीमा, येऊन गेली. खायला गरम समसे आणले होते. खिडकीबाहेर बघतच म्हणाली, आपा, गुरुवारी नमनगनच्या बायका यायच्यात, तुमचा गुडघा दुखतो ना, तर उगाच येऊ नका. माझा गुडघा कधी दुखला ते मला आठवेना. पण म्हटलं, हो गं बाई, फार दुखतो.

आईवर चिडायचं नाही, सांगून ठेवते. माझं लग्न ठरलं होतं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. भुवईच्या टोकाला पहिला ठिपका उठला, आणि आठ दिवसांत आम्ही दिलेलं सगळं कापड परत दारात आलं. त्यानंतर दोन वर्षं हलीमालाही कुणी विचारलं नाही. डाग माझ्या तोंडावर, आणि भोगलं तिनेही. आता मुलगी तिची आहे. तिची भीती उगाच नाही.

तू जेवतेस का वेळेवर? ताश्कंदचं पाणी जड असतं म्हणतात. ऊन वाढलं की केसांना दही लाव. यंगाचं बघू पुढे.

आठवण ठेवतेस तेवढी पुरे, जास्तीची मी मागत नाही.

तुझी,
सनोबर मावशी

*

ताश्कंद, २९ मार्च

ती. मावशीस,
मुहय्योचा सलाम वि. वि.

गुडघा म्हणे! चारमजली जिना चढून माझ्या खोलीत टरबूज घेऊन आली होतीस, तो गुडघा तुझाच ना? मी आईशी भांडले. ती म्हणाली, तुला काय कळतंय, आणि फोन ठेवला.

तुझा पुठ्ठा रानो-आपांनी खिडकीशी नेऊन उजेडात बघितला. मग म्हणाल्या, माझ्याकडचं यंत्रसुद्धा इतकं बारीक सांगत नाही, या बाईंना माझ्याकडे नोकरीला पाठव. तुझ्या धाग्यांवरूनच त्यांनी तिन्ही रंग कालवले. सोबत तीन डब्या आहेत, झाकणांवर धाग्याचा तुकडा चिकटवलाय म्हणजे तुझा गोंधळ होणार नाही. तोंड धुऊन कोरडं कर, बोटाने हलकेच थापट, चोळू नकोस. पाच मिनिटं थांबून वर पावडर मार, आणि परत पाच मिनिटं गप्प बसून राहा. हे शेवटचं तुला जमणार नाही, पण प्रयत्न कर.

औषधाचंही मी विचारलं. किरणं देतात, मलमं आहेत, कुणाकुणाचा रंग परतही येतो. पण डागावरचे केससुद्धा पांढरे झाले असतील तर फारसा उपयोग होत नाही म्हणाल्या. तुझी भुवई मी त्यांना सांगितली. मला वाईट वाटलं, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

बाकी सगळं मात्र झुलैखोला वाचून दाखव, कुंपणावर उभी करून. कोड म्हणजे महारोग नाही. स्पर्शाने होत नाही, उष्ट्याने होत नाही. दुधावर मासे खाल्ले म्हणून होत नाही. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या आपल्याच शरीराने मारून टाकल्या की होतं. बस्स. त्यात कुणाचं पाप नाही. मी हे रोज दहा पेशंटना सांगते आणि दर वेळी तुझंच तोंड माझ्यासमोर येतं.

नमनगनच्यांचा होकार आला, हे कळलंच असेल. बारा एप्रिलला आपल्या घरी नान मोडून लग्न पक्कं करायचा कार्यक्रम. रीतच आहे, मुलीने त्या दिवशी थोरामोठ्यांत मिरवायचं नाही, म्हणून मी इथेच. पण तू जायचंस. माझ्या वतीने जा. क्रीम लावून जा, म्हणजे आईचंही तोंड बंद. सरदोरला मी दोनदा भेटले. हसताना हात तोंडावर धरतो, दातांचा डॉक्टर असून! तुझ्याबद्दल अजून बोलले नाही. बोलेन, नीट वेळ बघून.

तुझा लोभ मला पोटभर लागतो, हात आखडू नकोस.

तुझीच,
मुहय्यो

*

चुस्त, १३ एप्रिल

चि. मुहय्योस,
मावशीचे अ. आ.

काल जाऊन आले. सगळं सांगते, मधे थांबू नकोस.

सकाळी तू सांगितलंस तसं लावलं. पाच मिनिटं गप्प बसले, खरंच बसले. मग आरशात बघितलं, तर आमची आई बसलेली. तिच्या पन्नाशीतली. मी इतकी तिच्यासारखी आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि कळणार तरी कसं होतं? थोडी रडले, पण रडू डोळ्यांतच ठेवलं, पावडर जाईल म्हणून. निळा रेशमी अतलस घालून निघाले. गल्लीत झुलैखो भेटली, तर अदबीने वाकून म्हणाली, या, कोणाकडे पाहुण्या आलात? मी नुसती मान हलवली आणि पुढे गेले. पोरी, मला इतकं हसू आलं म्हणून सांगू!

हलीमाने दारात मला ओळखलं. तिचे डोळे भरले, माझा हात घट्ट धरला. तोवर सगळं छान होतं. तेवढ्यात आतून तुझी होणारी सासू आली, मुकद्दस. तिने विचारलं, या कोण? हलीमाने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, या कोकंदच्या बहोर-आपा, टोप्या भरतात, आमच्या ओळखीच्या आहेत.

मग कळलं. तिने पहिल्याच भेटीत त्यांना सांगून टाकलं होतं की मला बहीण नाही. आता बहीण आणायची कुठून? तिचा तरी काय इलाज!

मुकद्दस बाई चांगली आहे हं. मला जवळ घेऊन दोन्ही गालांचे मुके घेतले, आपल्या शेजारी बसवलं, स्वतःच्या हाताने नानचा तुकडा दिला, पुलावातलं मांस निवडून माझ्यापुढे सारलं. म्हणाली, तुम्ही किती मोकळ्या, असं वाटतं जुनी ओळख आहे. मग गप्पांच्या भरात म्हणाली, आम्ही मुलीच्या घराण्याची सात पिढ्यांची चौकशी केली, कुठे कोड नाही, वेड नाही, स्वच्छ आहे सगळं. मी म्हटलं, हो, हो, चांगलं घर आहे. आणखी काय म्हणणार?

तुझं क्रीम अव्वल आहे, रानो-आपांना सांग. चहाने गेलं नाही, घामाने गेलं नाही. बत्तीस वर्षांत माझ्या गालाला तुझ्याशिवाय कुणाचे ओठ लागले नव्हते. काल लागले, ते बहोर-आपाच्या गालाला. मला त्या बाईचा हेवा वाटला, खरं सांगते. घरी आले, तोंड धुतलं, आणि घर नेहमीपेक्षा मोठं वाटलं.

हे वाचून मनाला लावून घेऊ नकोस. नान छान मोडला गेला, म्हणजे संसार चांगला होणार.

जीव लावतेस तसा लाव, तक्रार नाही माझी.

तुझी,
सनोबर मावशी

*

ताश्कंद, २ मे

ती. मावशीस,
मुहय्योचा सलाम वि. वि.

वीस दिवस मी लिहू शकले नाही. चार पत्रं फाडली.

मी आईकडे जाऊन आले. ती रडत म्हणाली, माझ्या जिभेवर दुसरं काही आलंच नाही गं, आणि एकदा बोलल्यावर मागे कसं घेऊ? मी तिला बरंच वाईटसाईट बोलले. मग ताश्कंदला परत येऊन सरदोरला फोनवर सगळं सांगितलं. कोण तू, काय आहेस माझी, सगळं. तो म्हणाला, मला काही फरक पडत नाही, मी डॉक्टर आहे. फक्त आईला आत्ता नको सांगूया. लग्न होऊ दे, वर्ष जाऊ दे, मग मी सांगतो.

मावशी, आता जे लिहिणार आहे ते लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. लग्नात तू माझी यंगा हो, पण बहोर-आपा म्हणून. दोनच दिवस. त्या घरी तुला ओळखतातच त्या नावाने, मुकद्दस सासूबाई तर दर फोनला विचारतात, त्या कोकंदच्या बाई येणार ना? सकाळी नमाजाआधी तोंड धुशील तेव्हा मी आत येऊन स्वतः तुला क्रीम लावेन, कुणाला कळणार नाही. मला तू शेजारी हवीस. कुठल्याही नावाने हवीस.

नाही म्हणू नकोस गं.

तुझी,
मुहय्यो

*

चुस्त, १० मे

चि. मुहय्योस,
मावशीचे अ. आ.

नाही म्हणतेय.

रागावले नाही. रागावले असते तर मोठं पत्र लिहिलं असतं. मी तुला हवी आहे म्हणतेस, आणि ते खरं आहे, मला माहीत आहे. पण बहोर-आपाला मी एक दिवस करून बघितलं, मुहय्यो. सगळे तिच्याशी बोलत होते आणि मी तिच्या आत गप्प बसून होते. घरी एकटी असते तेव्हासुद्धा मला इतकं एकटं वाटत नाही. एक दिवस सोसलं, तुझ्या शेजारी बसून दोन दिवस सोसायला लावू नकोस. तू मला बहोर-आपा म्हणून हाक मारशील आणि मी ओ देईन, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

यंगा म्हणून झुलैखोला ने. तोंडाळ आहे, पण मनाने वाईट नाही, आणि तिला नाचता येतं. सरदोरची टोपी भरून हलीमाकडे दिली आहे. तीन डब्या तोलिबबरोबर परत पाठवतेय. दवाखान्यात कुणा पोरीला त्या रंगाची गरज असेल. ज्याला स्वतःहून लावावंसं वाटतं त्याने जरूर लावावं, त्यात काही वाईट नाही. मला लावावंसं वाटत नाही, एवढंच.

सुखी राहा. सासूला उलट बोलू नकोस. तू सहा वर्षांची असताना माझ्या तोंडावरचे डाग बोटाने मोजायचीस आणि दर वेळी चुकायचीस. तेवढे लाड मला आयुष्याला पुरले.

माया कमी होणार नाही, तिकडूनही होऊ नये.

तुझी,
सनोबर मावशी

*

नमनगन, ९ जून

ती. मावशीस,
मुहय्योचा सलाम वि. वि.

लग्न झालं. तू नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड बघायचा कार्यक्रम. अंगणात शंभरेक बायका, मी पदराआड उभी, झुलैखो माझ्या कोपराला धरून. तुला तर माहीत आहे, नावं पुकारणारी बाई सुरात एकेक नातं घेते, सासूला सलाम, आजेसासूला सलाम, आत्याला सलाम, आणि नवरी दर नावाला वाकते. तोंडातून ब्र काढायचा नाही. मी वाकत होते, कंबर दुखायला लागली होती. शेवटी सासरची संपली आणि तिने माहेरची घेतली. आईला सलाम. काकूला सलाम. आणि मग म्हणाली, मावशी नाही हिला, चला, झाली नावं.

मावशी, मला काय झालं कोण जाणे. पदराआडूनच मी मोठ्याने बोलले. म्हटलं, आहे. एक सलाम राहिलाय. चुस्तच्या सनोबर मावशीला. तिच्या तोंडावर कोड आहे, म्हणून तिला बोलावलं नाही. मला तिनेच वाढवलं. आणि तीनदा वाकले, पार खाली.

ढोल थांबला. झुलैखोने माझं कोपर सोडलं, मग पुन्हा धरलं. कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पदर वर केला तेव्हा सासूबाई माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, माझ्या हातांकडे बघत होत्या, एकेक बोट.

घरी पाठवलं नाही मला. चार दिवस झाले. माझी चहाची पियाली वेगळ्या खिडकीत ठेवली आहे, माझा टॉवेल वेगळ्या खुंटीला. काल उजेडात बसवून माझ्या मनगटावरचा एक जुना भाजल्याचा डाग दोन नणंदांनी आळीपाळीने बघितला. मी रोज दहा माणसांना सांगायचे ना, कोड स्पर्शाने होत नाही? इथे एकदाही तोंड उघडलं नाही. सरदोर म्हणतो, धीर धर, निवळेल. तो वाईट नाही, भित्रा आहे. आई फोन उचलत नाही.

या घरात अकरा माणसं आहेत, आणि दिवसभर मला कुणी नावाने हाक मारत नाही. मावशी, तू बत्तीस वर्षं कशी काढलीस गं? मी तुला कधी विचारलंच नाही. मला वाटायचं, तुला सवय आहे.

केलं त्याचा पश्चात्ताप नाही. पण फार एकटं वाटतं. तू येऊ नकोस, तुला काही बोलतील. फक्त लिहीत राहा.

तुझीच,
मुहय्यो

*

चुस्त, १२ जून

चि. मुहय्योस,
अ. आ.

सवय होत नाही, पोरी. तसं लोकांना वाटावं म्हणून मी हसत असते.

कशी काढली म्हणून विचारतेस. कुणीतरी दार वाजवेल म्हणून वाट बघत काढली. दर शनिवारी अंगण झाडायचे, चहाचं आधण ठेवायचे, आणि मग एकटीच प्यायचे. ते तुला करायला लावणार नाही. तुझं पत्र आज सकाळी मिळालं. शनिवारी पहिल्या गाडीने निघते, नऊपर्यंत तुझ्या दारात असेन. हलीमालाही सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, मी पण येते. येईल की नाही देव जाणे, मी तिच्यासाठी थांबणार नाही.

तोंडाला काही लावणार नाही. स्वच्छ धुऊन येईन. मुकद्दस दार उघडेल, हिला आधी कुठे बघितलंय असं तिला वाटेल, तेव्हा सगळं खरं सांगेन आणि फसवलं म्हणून माफीही मागेन. मग नाव विचारलं तर सांगेन, सनोबर, मुहय्योची मावशी. आत घेतलं तर आत बसू. नाही घेतलं तर दाराशी बाक असेलच, त्यावर बसू. मला भीती वाटतेय, लपवत नाही. बत्तीस वर्षांत मी बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात गेले नाही. पण तू वाकलीस ना शंभर बायकांसमोर, माझं नाव घेऊन? माझं नाव इतक्या मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं.

खिडकीतली तुझी ती वेगळी पियाली घेऊन बाहेर ये. चहा एकच आण. दोघी त्यातूनच पिऊ, बघायचं त्यांनी बघू दे.

तुझी,
सनोबर मावशी